कॉन्कॉर्डिया कुटीच्या वाटेची आखणी

स्वित्झर्लंडच्या सहलीस गेलेला मराठी प्रवासी युंगफ्राउयोखचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही. क्लायनं शायडेक येथून निघून आयगर व म्योंख या दोन पर्वतांच्या उदरातून कोरलेल्या बोगद्याने वर चढणारी ती दातेरी रुळांची आगगाडी १ ऑगस्ट १९१२ रोजी अखेरच्या स्थानकापर्यंत सुरू झाली. तिचा मूळ योजक आडोल्फ गुयर-झेलर हा उद्योगपती त्यापूर्वीच, १८९९ साली, निवर्तला होता. समुद्रसपाटीपासून ३४५४ मीटर उंचीवरील त्या स्थानकाच्या सज्जात उभे राहिले म्हणजे दक्षिणेकडे आलेच हिमनदीचा शुभ्र विस्तार नजर पोहोचेल तिथवर पसरलेला दिसतो. प्रवासी त्याचे छायाचित्र घेतात, चहा पितात, थंडीने काकडतात आणि परतीच्या गाडीत बसतात. याच स्थानकातून एक दार बर्फावर उघडते, आणि त्या दारातून बाहेर पडून डावीकडच्या यंत्राने दाबून सपाट केलेल्या, खुणा लावलेल्या रस्त्याने सुमारे ३६५० मीटर उंचीवरील म्योंखयोखच्या कुटीपर्यंत साध्या बुटांनी हिंडून येणारे हौशी लोकही बरेच असतात. पण जेथे तो सपाट रस्ता सुटतो आणि हिमनदीच्या अंगावरून दक्षिणेस उतरत जाणारी कॉन्कॉर्डियाची वाट सुरू होते, तेथे सहलीचे राज्य संपून गिर्यारोहणाचा अंमल सुरू होतो, आणि या दोन राज्यांच्या सीमेवर पहारेकरी कोणी नाही.

कॉन्कॉर्डियाची कुटी २८५० मीटर उंचीवर, हिमनदीच्या पूर्वेकडील कड्याच्या खडकावर वसलेली आहे. ज्या स्विस आल्पाइन क्लबची ती मालमत्ता आहे, तो क्लब १८६३ साली ओल्टेन या गावी स्थापन झाला, आणि पर्वतावर मुक्कामाची सोय केल्याखेरीज पर्वत माणसांना खुले होणार नाहीत हे ओळखून त्याने पहिल्याच वर्षी कुट्या बांधण्यास आरंभ केला. आज त्याच्या ताब्यात दीडशेहून अधिक कुट्या आहेत. कॉन्कॉर्डियाची पहिली कुटी १८७७ साली उभी राहिली तेव्हा खालचे बर्फ तिच्यापासून जेमतेम ५० मीटर खोल होते. त्यानंतर हिमनदी आटत, खचत गेली. आज बर्फ आणि कुटी यांत दीडशे मीटरांहून अधिक अंतर पडले आहे, आणि ते काटण्यासाठी उभ्या कातळावर लोखंडी जिने ठोकावे लागले आहेत. बर्फ खाली जाते तसतसा जिन्यास खालून नवा तुकडा जोडावा लागतो. साडेचारशेहून अधिक पायऱ्या आजच झाल्या आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शक पुस्तकावर विसंबून निघालेल्या प्रवाशास, पुस्तकातील मजल संपली असे वाटते त्याच ठिकाणी, दिवसभराच्या चालीने थकलेल्या पायांनी, एक पन्नासमजली जिना चढावा लागतो. आखणी करणाऱ्याने प्रथम ध्यानात ठेवावयाची बाब हीच, की येथे पर्वत स्थिर असून माहिती बदलते असे नव्हे; पर्वतच बदलतो, आणि छापील दाखला त्याच्या मागे रखडत असतो.

याच कारणास्तव नकाशाही सावधपणे वाचावा लागतो. जनरल द्युफूर यांच्या देखरेखीखाली १८४५ ते १८६५ या वीस वर्षांत प्रसिद्ध झालेल्या नकाशांपासून स्विस नकाशाशास्त्राची जी कीर्ती झाली ती सर्वथा सार्थ आहे. आजच्या १:२५००० या प्रमाणाच्या नकाशात आल्प्समधील समोच्चरेषा दर २० मीटरांवर काढलेल्या असतात, आणि त्या मातीवर तपकिरी, दगडधोंड्यांवर काळसर व हिमनदीवर निळ्या रंगाने छापलेल्या असल्यामुळे पायाखाली काय येणार हे घरी बसून समजते. परंतु निळ्या रेषेची उंची ही त्या बर्फाची मोजणीच्या दिवशीची उंची होय, आणि हिमभेगांच्या ज्या बारीक खुणा नकाशात दिसतात त्या भेगांच्या वस्तीचा मुलूख दाखवितात, घरांचे पत्ते नव्हेत.

आता काठिण्याविषयी. स्विस क्लबाने पदभ्रमणासाठी टी-१ पासून टी-६ पर्यंतची जी श्रेणी ठरविली आहे, तिच्यात टी-४ म्हणजे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आल्पाइन वाटा सुरू होतात. तेथे हात लावून चढावे लागते, निसरड्या गवताळ उतारांवरून वा उघड्या हिमनदीच्या सोप्या तुकड्यांवरून जावे लागते. मात्र वर ताजे हिम साचून ज्यातील भेगा झाकल्या गेल्या आहेत अशी हिमनदी या श्रेणीत मुळी बसतच नाही. तिच्यासाठी गिर्यारोहकांची स्वतंत्र श्रेणी आहे, आणि तिच्या तळाच्या पायरीस जर्मन भाषेत ‘सोपे’ असे म्हणतात. या एका शब्दाने किती लोकांची फसगत होत असेल! श्रेणी ठरविणाऱ्यांनी तो गिर्यारोहकांस उद्देशून योजला. दोर बांधता येतो, बुटांना लोखंडी काट्यांचे क्रॅम्पॉन बांधून चालता येते, भेगेत पडलेल्या सोबत्यास वर ओढता येते, अशा माणसास जे सोपे, ते सोपे. आपल्याकडे कळसूबाईचे १६४६ मीटरांचे शिखर पावसाळ्यातही चढून जाणारा, सह्याद्रीच्या घसाऱ्यावर आणि कड्यांच्या आडव्या वाटांवर निर्धास्त वावरणारा तरुण धैर्याने, दमाने व पायांच्या खात्रीने कोणत्याही युरोपीय पदयात्रिकापेक्षा उणा नसतो. परंतु त्याच्या डोंगरांत जमीन ही जमीन असते, पाय ठेवला की तिच्याखाली पोकळी निघत नाही. उत्तरकाशीच्या वा दार्जिलिंगच्या संस्थेत ज्यांनी पायाभूत अभ्यासक्रम केला आहे त्यांना ही विद्या ठाऊक असते. इतरांनी प्रमाणपत्रधारक वाटाड्या घ्यावा. वाटाड्याची फी भारी असते ही तक्रार खरी आहे, पण बुटांवर व जाकिटांवर सढळ हाताने खर्च करून नेमक्या याच बाबीत काटकसर करणे हा हिशेब मला कधी समजलेला नाही.

मजल आखताना बहुतेक लोक निघण्याच्या क्षणापासून पुढे मोजत जातात. डोंगरातील, विशेषतः हिमनदीवरील, मजल शेवटापासून मागे मोजावी असे माझे मत आहे, आणि या वाटेवर तर त्याचे विशेष कारण आहे. आल्प्समधील बहुतेक कुट्यांकडे चढून जावे लागते. मन कचरले, आकाश भरून आले, सोबत्याचे डोके दुखू लागले, तर पाठ फिरवावी आणि उतरणीने झपाट्याने खाली यावे, अशी तेथे सोय असते. कॉन्कॉर्डियाची वाट उलटी आहे. ती स्थानकापासून खाली उतरते. म्हणजे पुढे जाणे सुलभ आणि माघारी येणे दुर्घट. पहिल्या तासाभरात पावले आपोआप पडत असतात, सूर्य प्रसन्न असतो, आणि त्याच वेळी परतीचे कर्ज व्याजासह वाढत असते.

हे कर्ज किती, ते आकड्यांनी काढता येते. चालीच्या वेळेचे गणित प्रथम स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ साली मांडले: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास. जर्मन भाषिक प्रदेशांत आज चालणारा शिरस्ता याहून सावध आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढणीस तासाला ३०० मीटर व उतरणीस तासाला ५०० मीटर धरून दोन वेळा वेगवेगळ्या काढावयाच्या, आणि त्यांतील मोठी पूर्ण व लहान निम्मी घेऊन बेरीज करावयाची. युंगफ्राउयोखपासून कुटीखालच्या कॉन्कॉर्डियाच्या पठारापर्यंत अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर व उतार सुमारे ७५० मीटर धरला, तर अंतरास ताशी चारच्या हिशेबाने १.६ तास लागतात, उताराचे १.५ तास, तेव्हा एकंदर सुमारे २.४ तास, आणि त्यावर जिन्याचा अर्धा तास मिळवून तीन तासांच्या आत-बाहेर कुटी गाठता यावी. हाच रस्ता उलट धरला, म्हणजे पठारापासून स्थानकापर्यंत, तर चढणीचे २.५ तास व अंतराचे निम्मे ०.८, असे ३.३ तास होतात. आणि हे आकडे टणक जमिनीसाठी आहेत, दुपारच्या उन्हात गुडघ्यापर्यंत रुतणाऱ्या हिमासाठी नव्हेत. दोरात बांधलेल्या मंडळीस दीडपट वेळ धरावा हे उत्तम. वर, चढणीच्या शेवटास संध्याकाळची अखेरची गाडी आहे. ती चुकली तर ३४५४ मीटरांवर उतारूंच्या मुक्कामाची सोय नाही.

यातून निघणारा निष्कर्ष मनोवेधक आहे. कोणत्याही बिंदूपासून पुढे कुटीपर्यंत लागणारा वेळ आणि मागे स्थानकापर्यंत लागणारा वेळ यांची तुलना करीत गेले, तर हे दोन वेळ वाटेच्या जवळजवळ मध्यावर समान होतात. त्या मध्याच्या अलीकडे शंका आली तर परतावे. त्याच्या पलीकडे शंका आली तर कुटीकडेच जावे, कारण तेथून पुढे जाणे हीच अधिक जवळची माघार होय. गाडीने येणाऱ्यास दोर, हार्नेस वगैरे बांधून प्रत्यक्ष चालू लागेपर्यंत साडेनऊ वाजतात असे मानले, तर निम्म्या वाटेस दीडपटीच्या हिशेबाने पावणेदोन तास धरून सव्वाअकराचा ठोका हा निर्णयाचा ठोका ठरतो. सव्वाअकरापर्यंत मध्य गाठला गेला नाही, तर कारण काहीही असो, पाठ फिरवावी. हा आकडा कागदावर आदल्या रात्री लिहून ठेवावा आणि सर्वांच्या देखत वाचून दाखवावा. कारण सव्वाअकरा वाजता, सोनेरी उन्हात, आणखी थोडे पुढे जाऊ म्हणणारा एक तरी सोबती प्रत्येक तुकडीत असतोच, आणि तोंडी ठरावांची अंमलबजावणी अशा माणसापुढे होत नाही.

साडेनऊची ही वेळ गिर्यारोहणाच्या दृष्टीने उशिराचीच होय. हिमनदीवर पहाटे निघण्याची जी परंपरा आहे तिच्या मुळाशी साधे पदार्थविज्ञान आहे. हिमनदी वाहते, कॉन्कॉर्डियाच्या परिसरात आलेचचे बर्फ वर्षाकाठी शंभर मीटरांहून कितीतरी अधिक सरकते. बर्फाचा खालचा थर दाबाखाली लवचीक होऊन वाहतो, परंतु वरचा काही दशक मीटरांचा थर ठिसूळच राहतो. तेव्हा तळाचा उतार जेथे तीव्र होतो, किंवा वळणावर बाहेरच्या बाजूस वेग वाढतो, तेथे हा ठिसूळ थर ताणला जाऊन फाटतो, आणि त्या फाटी म्हणजे हिमभेगा. हिवाळ्यात वाऱ्याने वाहून आणलेले हिम त्यांच्या तोंडावर साचते आणि पूल बनवते. रात्री हा पूल गोठून माणसाचा भार सहज पेलतो. दुपारी त्यातील कणांचे परस्परांशी असलेले बंध पाणी होऊन सुटतात, आणि पूल दिसायला तसाच राहून आतून निकामी होतो. जूनअखेरीस पूल जाड असतात पण भेगा दिसत नाहीत. ऑगस्टअखेरीस भेगा उघड्या पडतात पण त्यांना वळसे घालण्यात वेळ जातो. यांतले कोणते बरे, याविषयी जाणत्यांतही एकमत नाही; मी स्वतः दिसणाऱ्या संकटास झुकते माप देईन. दोर मात्र दोन्ही ऋतूंत अपरिहार्य. तीन किंवा अधिक माणसे एका दोरात, दोघांमध्ये आठ ते दहा मीटर अंतर, दोर नेहमी जवळजवळ ताणलेला: सैल दोर हातात गुंडाळून गप्पा मारीत चालणारी तुकडी दोर असूनही दोराविना चाललेली असते.

दुसरे संकट धुक्याचे. कॉन्कॉर्डियाच्या पठारावर उत्तर, पश्चिम व पूर्व अशा दिशांनी आलेल्या हिमनद्यांचा संगम होतो, बर्फाची जाडी तेथे सुमारे ८०० मीटर भरते, आणि संगमापासून पुढे दोन प्रवाहांच्या काठांचा दगडगोटा मिळून काळे पट्टे मैलोन्मैल वाहत गेलेले दिसतात. स्वच्छ हवेत हे पट्टे दिशा दाखवितात. ढग खाली उतरले की वर शुभ्र, खाली शुभ्र, मध्ये शुभ्र अशी अवस्था होऊन चढ की उतार हेही डोळ्यांस उमगत नाही. अशा वेळी होकायंत्रावर आधी काढून ठेवलेल्या दिशा आणि उपकरणात भरून ठेवलेला मार्ग एवढाच आधार उरतो. म्हणून स्विस हवामान खात्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी व त्या सकाळी असा दोनदा पाहावा, आणि दुपारच्या गडगडाटी वादळाची शक्यता नोंदली असेल तर कुटीत पोहोचण्याची वेळ आणखी अलीकडे ओढता येते का याचा विचार करावा. गाडी पहाटेची नसल्याने ती वेळ येथे फारशी ओढता येत नाही. मग त्या दिवशी बेत रद्द करणे हीच तजवीज.

एक स्विस वाटाड्या, वेर्नर मुंटर, याने हिमप्रपातांच्या धोक्याविषयी विचार करताना एक कोष्टक सुचविले, जे आता अशा सर्व मोहिमांस लागू केले जाते: परिस्थिती, भूप्रदेश आणि माणसे या तीन बाबी तीन वेळा तपासाव्यात, एकदा घरी, एकदा स्थळी पोहोचल्यावर, आणि एकदा प्रत्येक अवघड टप्प्याच्या तोंडाशी. यांतील पहिल्या दोन बाबींवर लोक रात्ररात्र चर्चा करतात, तिसरीवर बोलणे मात्र शिष्टाचाराविरुद्ध मानतात. वास्तविक या वाटेवर तिसरी बाब विशेष नाजूक आहे. २०६१ मीटरांवरील क्लायनं शायडेकहून निघालेला माणूस एक पाऊलही न चालता जवळजवळ १४०० मीटर वर जातो. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशच्या आसपास असतो. मुंबईहून येऊन दोनच दिवस झालेल्या माणसास तेथे धाप व डोकेदुखी झाली तर तो त्याचा दुबळेपणा नव्हे. आधीचे दोन-तीन दिवस दोन हजार मीटरांच्या वरच्या गावांत काढावेत, आणि आपले डोके दुखते हे सोबत्यांस सांगण्याची मुभा प्रत्येकास असावी.

कुटीतील व्यवहार रीतसर असतो. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते; कुटीपाल रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी देतो; झोपण्यास सामाईक दालनात शेजारी-शेजारी गाद्या, आणि पांघरुणे कुटीची असली तरी आतून घ्यावयाची रेशमी अथवा सुती पिशवी ज्याची त्याने आणावयाची. बूट, क्रॅम्पॉन, कुऱ्हाडी दाराशीच ठेवून आत सपाता घालाव्यात. पाणी हा उंचावरच्या कुट्यांतला खरा दुष्काळ आहे. बर्फाच्या राज्यात पाणी विकत घ्यावे लागते याचे आपल्याकडच्या लोकांस नवल वाटते, परंतु ते वितळवण्यास वा वर आणण्यास इंधन लागते, आणि इंधन हेलिकॉप्टरने येते. स्वतःचा कचरा स्वतः खाली न्यावा. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात, पण शिखरांवर निघणारी मंडळी दोन-तीन वाजताच उठून खुसफूस करू लागतात. गाढ झोपेची अपेक्षा धरू नये. कुटीच्या वहीत नाव लिहिताना पुढचा मुक्काम कोठे, हे जरूर लिहावे. कोणी बेपत्ता झाल्यास शोधपथक प्रथम तीच वही उघडते.

दुसऱ्या दिवशीचा मार्ग थोडक्यात सांगतो. जिना उतरून पुन्हा बर्फावर यावे आणि हिमनदीच्या डाव्या अंगाने दक्षिणेस मेर्येलेनच्या खोऱ्यापर्यंत जावे. येथे वरचे हिम उन्हाळ्यात उडालेले असल्याने बर्फ उघडे व भेगा डोळ्यांस दिसणाऱ्या असतात, क्रॅम्पॉनची खरी कसोटी येथेच लागते, आणि हिमनदी सोडून खडकावर चढण्याची नेमकी जागा दरवर्षी बदलत असल्याने ती कुटीपालास विचारूनच निघावे. पुढे पायवाटेने, किंवा डोंगराखालच्या बोगद्याने, फीशराल्पला पोहोचता येते. तेथून खाली जाणाऱ्या रज्जुमार्गाची शेवटची फेरी किती वाजता, हा आकडाही सव्वाअकराच्या शेजारी लिहून ठेवावा.

संकटात मदत मागण्याचे संकेतही पाठ असावेत. ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट याच्या सूचनेवरून १८९४ पासून रूढ झालेला आल्पाइन संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा शिटी, दिवा किंवा हाक, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच; उत्तर मिनिटास तीन वेळा. दूरध्वनीबाबत मात्र एक स्थानिक तपशील महत्त्वाचा आहे. स्वित्झर्लंडभर हवाई बचावासाठी १४१४ हा क्रमांक प्रसिद्ध आहे; परंतु कॉन्कॉर्डिया ज्या वाले प्रांतात येते, तेथील बचावाची व्यवस्था प्रांताने स्वतः चालविली असून तेथे १४४ वर खबर द्यावी लागते. युरोपभरचा ११२ कोठेही चालतो, पण खोल दरीत वा कड्याच्या आडोशास दूरध्वनी लागेलच असे नाही.

आणि बेत बदललाच, सव्वाअकरा वाजता मागे फिरावे लागलेच, तर स्थानकावर पोहोचताच प्रथम कुटीस फोन करावा. जागा राखून ठेवलेली तुकडी संध्याकाळपर्यंत आली नाही, तर कुटीपालापुढे दोनच शक्यता असतात: ती मंडळी खाली इंटरलाकेनच्या उपाहारगृहात बसली आहेत, किंवा एखाद्या भेगेत आहेत, आणि त्याने दुसरी शक्यता खरी मानून शोध सुरू करावा अशीच त्याची जबाबदारी आहे.